अठ्ठेचाळीस किलो नऊशे ऐंशी ग्रॅम

८ जाने., सोमवार
व. ५१.४ (घरचा काटा).
मुंबईच्या बॉक्सिंग आयोजकांचा मेल आला. २४ फेब्रुवारी, येरवड्यातलं हॉटेल, आठ राउंड. वजन आदल्या दिवशी सकाळी, ४८.९८० किलोच्या आत. समोर कविता, हरियाणाची. सहा लढती, सहाही जिंकलेली. माझ्या चार, त्यातली एक हरलेली. ही जिंकले तर राष्ट्रीय किताबाची लढत. मेल तीनदा वाचला, कुठे काही अट लपली आहे का ते पाहायला. नाही.
बाबांनी चष्मा लावून वाचला. "हाव म्हणून टाक." मी होकार लिहिला आणि पाठवायला पाऊण तास लावला. एका ओळीत काय चुकणार होतं कोण जाणे.
आई नागपुरातच, वहिनीचं बाळंतपण होईपर्यंत. घरात आम्ही दोघं, आणि काटा.

१५ जाने., सोमवार
व. ५१.१.
ऑफिसात तिळगूळ. घेतला, ड्रॉवरमध्ये ठेवला. आता ड्रॉवरमध्ये सहा आहेत. शेजारची मृणाल म्हणाली, "दुकान टाकतेयस का?" मग माझा डबा पाहिला. काकडी आणि उकडलेलं अंडं, पिवळा भाग काढलेला. "हे जेवण आहे की शिक्षा?" हसले. ती चांगली आहे. पण कुणाबरोबर जेवायला बसायचं म्हणजे आधी स्पष्टीकरण द्यायचं आणि मग जेवायचं. उद्यापासून पायऱ्यांवर जेवेन.

२२ जाने., सोमवार
व. ५०.७.
सकाळी गच्चीवर पॅड: बाबा धरतात, मी ठोसे मारते. बाबांचं तेच, मी नऊ वर्षांची होते तेव्हापासूनचं: "हनुवटी खाली. हात परत आण. गेलेला हात परत आला नाही तर तो आपला नाही." दादाला शिकवायला निघाले होते, तो पळाला; मी बघत उभी होते म्हणून माझ्या हातात ग्लोव्हज आले. बाकी कुणाकडे कधी शिकले नाही. तालमीत कदम सर स्पारिंग, म्हणजे सरावाच्या लढती, घेतात, पण सवयी सगळ्या घरच्या.
ही रोजनिशीसुद्धा. आकडा आधी लिहायचा, बाकी नंतर, हा बाबांचा नियम. कंपनीत ते गेज रूमला होते, मापं तपासायची खोली. मायक्रोमीटर, व्हर्नियर, वजनं. कंपनी हलली, व्हीआरएस घेतली, आणि निघताना भंगारातून हा जुना प्लॅटफॉर्म काटा उचलून आणला. दर रविवारी शून्य तपासतात. तपासून झालं की मागच्या स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका देतात. ठिपका अखंड म्हणजे कुणी हात लावला नाही. मी काट्याला कधीच हात लावत नाही. चढते, वाचते, उतरते.

२७ जाने., शनिवार
व. ५०.६. पाच दिवसांत शंभर ग्रॅम.
आठ किलोमीटर पळाले, एनडीए रोडला. संध्याकाळी बाबांनी ज्वारीची भाकरी केली होती. अर्धी ठेवली. "काहून ठेवली? एवढ्यानं काय होते?" मी म्हटलं, एवढ्यानंच होतं. त्यांनी अर्धी भाकरी फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली, हळू, कुणी झोपलंय अशी.

२९ जाने., सोमवार
व. ५०.१!
दोन दिवसांत अर्धा किलो. अखेर सुटलं. बाबांना ओरडून सांगितलं. ते चहा गाळत होते, म्हणाले, "मंग आज पूर्ण भाकर खा." खाल्ली. अपराधी वाटलं नाही, हे विशेष.

५ फेब्रु., सोमवार
व. ४९.९.
शनिवार पेठेत तालमीत स्पारिंग, सहा राउंड. उजवा हात बरा. तिथल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सहज चढले: ५०.३. सरांना म्हटलं, सर, तुमचा काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवतो.
"हो का? बरोबर. आमच्याकडे सगळंच चुकीचं असतं. रिंगसुद्धा चौकोनी नाहीये, मापून बघ."
मुलं हसली. घरी येऊन बाबांना सांगितलं. म्हणाले, "तिथली फरशी सपाट नसंल." एवढंच, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

१२ फेब्रु., सोमवार
व. ४९.४.
व्यवस्थित चाललंय. इतकं व्यवस्थित की भीती वाटते. ऑफिसात माझं कामच हे, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. जिथे काही सापडत नाही तिथे मी दोनदा बघते. इथे बघितलं नाही. घरचा काटा.
आईचा फोन. "जेवते ना बाई? तुझे बाबा सांगत होते, गालफडं बसली म्हणून." बाबा हे मला सांगत नाहीत, नागपूरला सांगतात.

१९ फेब्रु., सोमवार
व. ४९.१.
तालमीतला काटा ४९.८. आता सातशेचा फरक. सरांना काही म्हटलं नाही, मनात म्हटलं, सेल बदला. सर म्हणाले, "प्रज्ञा, हॉटेलात ह्याच्यासारखाच काटा असणार." मी म्हटलं, सर, आमचा दर रविवारी तपासलेला असतो. "मग प्रश्नच मिटला. गेज रूमपुढे आम्ही कोण?"

२३ फेब्रु., शुक्रवार
व. सकाळी सहाला ४८.७.
जवळजवळ पावणेतीनशे ग्रॅम हातात. बाबांनी दोन खजूर पुढे केले. "खा. वरून अर्धा कप चहा. पोरगी उभी राह्यली पाहिजे." खाल्ले. काल दुपारपासून पाणीही नव्हतं. खजुराची बी किती वेळ चोखत होते.
नंतर लिहिते.

२४ फेब्रु., शनिवार
काल हॉटेलात नऊ वाजता वजन. ४९.४.
पुन्हा चढले. ४९.४. अंगावर होतं तेवढं काढलं, बायकांनी टॉवेल धरले. ४९.३८०. चारशे ग्रॅम जास्त. पर्यवेक्षक म्हणाले दोन तास आहेत. प्लॅस्टिकचा सूट घालून जिन्यात दोरी. घाम येईना. सर म्हणाले थुंक, थुंकीही येईना. बाबा जिन्याच्या खालच्या पायरीवर, हातात घड्याळ. एरवी किती बोलतात. काल वेळ सोडून एक शब्द नाही.
अकराला ४९.१. एकशेवीस ग्रॅम. डॉक्टरबाईंनी नाडी पाहिली, बीपी पाहिलं, म्हणाल्या, "ही आणखी उतरणार नाही आणि हिला मी उद्या रिंगमध्येही जाऊ देणार नाही. संपलं."
एकशेवीस ग्रॅम म्हणजे दोन खजूर आणि अर्धा कप चहा.
कविता खुर्चीत बसली होती, ओठ फुटलेले. तिचं वजन झालं होतं. भाऊ बरोबर आलेला, दोन दिवसांचा प्रवास. तिने काही वाईट म्हटलं नाही. नुसतं, "दीदी, मैंने चार दिन से कुछ नहीं खाया." मी हात जोडले. दुसरं काय करायचं ते कळेना.
आज ह्या वेळी रिंगमध्ये असायला हवं होतं. गादीवर आहे. बाबांनी दोनदा दाराशी येऊन पाहिलं, आत आले नाहीत.

२६ फेब्रु., सोमवार
ऑफिस. मृणालने विचारलं, "जिंकलीस?" सांगितलं. तिने स्वतःच्या डब्यातला मसालेभात माझ्या झाकणात वाढला. पायऱ्यांवर नेऊन खाल्ला.
आयोजकांचा मेल. वजन का चुकलं याचा लेखी खुलासा १० मार्चच्या आत. पटला नाही तर सहा महिने बंदी. पटला तर कविताशी लढत पुन्हा ठेवायचा विचार करू. तयारीत कॉर्नरच्या माणसाने (राउंडच्या मध्ये खेळाडूला सांभाळतो तो; माझ्याकडे बाबा) गैरप्रकार केला असेल तर त्याचं कार्ड रद्द, असंही कलम.
कविताला मेसेज केला, माफ कर म्हणून. तिचं उत्तर: "आपने जान के तो नहीं किया ना?"
लिहिलं नाही अजून काही.

१ मार्च, गुरुवार
कदम सरांकडे गेले, माफी मागायला. तुमचा काटा बरोबर होता. "असू दे गं. फरशीही सपाट आहे, सांग बाबांना." मग खुलाशाचं विचारलं. "लिही पाळी आली होती, अंगात पाणी धरलं. बाईमाणसाला पुढे कोण विचारतंय?"
पाळी आली नव्हती. दोन महिने आलेलीच नाही.
परत येताना मनात एकच. हॉटेलचा काटा बरोबर, तालमीचा बरोबर. मग घरचा?

३ मार्च, शनिवार
बाबा मंडईत गेले होते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून वीस किलोची दोन शिक्क्याची वजनं मागून आणली. काका म्हणाले, "व्यायामाला पाहिजेत का?" हो म्हटलं. हे खोटं बोलले, ते इथे नोंदवते.
एक वजन ठेवलं: १९.४. दोन ठेवली: ३९.४.
काटा झिजला असता तर दोन वजनांना फरक दुप्पट झाला असता. झाला नाही. म्हणजे चूक काट्यात नाही, शून्यात आहे. शून्य कुणीतरी हलवलंय.
मागे वाकून पाहिलं. स्क्रूवर लाल ठिपका आहे. त्याच्या खाली जुना ठिपका आहे, फुटलेला, अर्धा एका बाजूला आणि अर्धा दुसऱ्या.
ह्या घरात लाल रंगाची बाटली एकाच माणसाच्या कपाटात असते.
वजनं परत करून आले. दोन्ही हातांत वीस-वीस किलो घेऊन, चालत. थांबावंसं वाटलं नाही.

४ मार्च, रविवार
सकाळी बाबा काट्यापाशी बसले नाहीत. त्यांनाही कळलं असावं. मीच विचारलं. बाबा, शून्य कुणी हलवलं?
"मी."
कुकरची शिट्टी झाली, ते उठून गॅस बारीक करून आले.
"तू पहाटे उठायची. ग्लास घ्यायची, ओठ ओले करायची, पाणी तसंच ठेवून द्यायची. मी रोज पाहत होतो. वाटलं, काटा कमी दाखवंल तर भाकर तरी खाईल."
आणि वजनाच्या दिवशी?
"आठ दिवस आधी जागेवर आणणार होतो. तुला सांगणार होतो. पण तू एवढी खुश होती, बाप्पा... मंग धरलं का शेवटच्या दिवसाच्या घामात निघून जाईल."
तीस वर्षं मापं तपासलेला माणूस. 'धरलं.'
मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं बहुतेक. म्हटलं, कविता चार दिवस उपाशी होती. ते म्हणाले, "माहीत हाय." मी म्हटलं, मला विचारायचं होतंत. ते म्हणाले, "तू नाही म्हटलं असतं." हे खरं आहे.

६ मार्च, मंगळवार
आकडा नाही. चढलेच नाही.
घरात दोघं आणि शब्द मोजके. चहा. पाणी. दार लाव. पॅडला एकटी गेले, म्हणजे पॅड नाहीच, नुसती हवेत. वारज्याच्या ह्या गच्चीवरून हायवे दिसतो, ऑफिसच्या बसेस एकामागे एक. प्रत्येक खिडकीत कुणीतरी कानात वायर घालून बसलेलं. मला कधी नव्हे ते त्यांच्यात असावंसं वाटलं. सकाळी कुणाचंच वजन न करता निघालेल्यांत.
आईला फोन केला. बाळाचंच बोललो. मुलगी झाली, तीन किलो शंभर. आईने आकडा सांगितला आणि मी फोन ठेवला.

७ मार्च, बुधवार
खुलासा लिहायला बसले. तीन मसुदे.
एक: घरचा काटा चुकीचा होता. खरं आहे. पण वाचणाऱ्याला वाटेल काटा आपोआप चुकला.
दोन: चूक सर्वस्वी माझी. हे शूरपणाचं वाटतं, आणि खोटं आहे.
तीन: माझ्या वडिलांनी, जे माझे प्रशिक्षक व कॉर्नरमन आहेत, काट्याचं शून्य मला न सांगता हलवलं. एवढं लिहून हात थांबला. कंपनी गेल्यावर बाबांकडे फोटो लावलेलं एकच ओळखपत्र उरलं, हे कॉर्नरचं कार्ड. शर्टाच्या खिशात असतं. बाजारात जातानाही.
मृणालला विचारलं. "पहिला पाठव. त्यात खोटं काय आहे?" खोटं काहीच नाही. तेच तर. ती म्हणाली, "तुझ्या घरात कुणी साधं वागतच नाही का गं?"

८ मार्च, गुरुवार
ऑफिसात गुलाब वाटले, महिला दिन. मॅनेजर म्हणाले, आपल्याकडे एक फायटर आहे. टाळ्या. खाली बघत होते.
कविताच्या मेसेजला दहा दिवस झाले, उत्तर दिलेलं नाही. तिने विचारलेला प्रश्न सरळ आहे. मी जाणूनबुजून केलं नाही, हे खरं. पण एवढंच लिहून सुटायचं तर ती पुन्हा कुणाच्या काट्यावर विश्वास ठेवून उपाशी राहणार?
आणि मीसुद्धा. खुलाशातून स्वतःला वगळून सगळं बाबांवर टाकते आहे असं वाटतं. तालमीच्या काट्याने दोनदा सांगितलं होतं. माझ्या कामात एखाद्याने दोनदा आलेला आकडा असा सोडला असता तर मी त्याला काय म्हटलं असतं. हे खुलाशात घालायला हवं.

९ मार्च, शुक्रवार
तिसरा मसुदा पूर्ण केला, माझी चूकही घालून. छापला. बाबांसमोर ठेवला, म्हटलं, तुम्ही वाचल्याशिवाय पाठवणार नाही. तुम्ही नको म्हणालात तरी पाठवेन की नाही, ते मला माहीत नाही.
ते टेबलाशी बसले. चष्मा. खिशातलं पेन. ओळीवर बोट ठेवून वाचत गेले, गेज रूमच्या रिपोर्टसारखं. मी भांडी घासत होते, पाठ करून. पेनचा आवाज आला.
'सहाशे ग्रॅम' वर रेघ मारलेली. बाजूला: '६५० ग्रॅम.' खाली, त्यांच्या सरळ उभ्या अक्षरात: 'काट्यावर पन्नासच्या खुणा नाहीत म्हणून मुलीला सहाशे दिसले. शून्य दोनदा हलवले. २८ जाने. रोजी ४००, ११ फेब्रु. रोजी २५०. तिला माहिती नव्हती.' आणि सही. सहीखाली तारीख.
दोनदा. मला एकदाच वाटलं होतं.
मी म्हटलं, बाबा, हे गेलं तर कार्ड जाईल.
"आकडा चुकीचा कसा पाठवू?"
उठून गच्चीवरचे कपडे काढायला गेले. वाळले नव्हते अजून.

१० मार्च, शनिवार
त्यांच्या अक्षरासकट स्कॅन करून सकाळी पाठवला. पुन्हा टाइप केला नाही. तोच फोटो कविताला. बरोबर मोडक्या हिंदीत चार ओळी.
तिच्याकडून दोन निळ्या खुणा. बाकी काही नाही.
दिवसभर फोन उलटा ठेवला. सारखा सुलटा करून पाहिला.

१२ मार्च, सोमवार
आयोजकांचं उत्तर, तीन ओळी. खुलासा समितीपुढे ठेवू. लढत पुन्हा ठरली तर मे महिन्यात. दरम्यान सोबतचा फॉर्म भरून ठेवावा.
फॉर्ममध्ये नाव, वजनगट, रक्तगट, सगळं भरलं. 'कॉर्नरला कोण' इथे थांबले. कदम सरांचं लिहिलं तर लगेच चालेल. सर हुशार आहेत, आणि काही लपवणार नाहीत. निदान लाल रंगाने नाही. बाबांचं लिहिलं तर समिती पुन्हा तो कागद काढेल.
खरा प्रश्न समितीचा नाहीच. आठव्या राउंडला स्टुलावर बसले आणि त्यांनी सांगितलं, तू ठीक आहेस, तर मी विश्वास ठेवीन का? की बघेन, हे मला उभं ठेवायला सांगतायत?
रकाना कोरा.

१३ मार्च, मंगळवार
पहाटे गच्ची. बाबांना बोलावलं नाही. हवेतच सहा राउंड करायचे ठरवलं, दोन-दोन मिनिटांचे. मोबाइल खालीच राहिला. वेळ अंदाजाने.
पहिल्यातच जिन्यात पावलं ऐकली. वरच्या वळणापर्यंत आली आणि थांबली. मी वळले नाही. जॅब, जॅब, उजवा. हात परत. थंडी अजून आहे, श्वासाची वाफ दिसत होती. हायवेवर बसेस सुरू झाल्या होत्या.
जिन्यातून आवाज आला. "टाइम."
हात खाली घेतले. एक मिनिट मी कठड्याकडे बघत उभी, ते तिथे भिंतीआड. मग पुन्हा, "टाइम," आणि मी हात वर घेतले.
सहाही राउंड असेच. सहावा मला दोन मिनिटांपेक्षा लवकर संपला असं वाटलं. नुसतं वाटलं की खरंच लवकर संपला, ते सांगता येत नाही. माझ्याकडे घड्याळ नव्हतं.